तारीख पुढे गेली की उमेद कुठे जाते?

ताईला सोमवारी सकाळी अॅडमिट व्हायचं होतं. बॅग शुक्रवारीच भरून दाराशी ठेवलेली: दोन गाऊन, रबरी चपला, थर्मास आणि रिपोर्टांची जाडजूड फाईल. शनिवारी संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. ‘तीन महिन्यांची साखर’ अजून जास्त आहे, भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिलेला नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. ताई ‘बरं’ म्हणाली, बॅग उचलून माळ्यावर टाकली आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून चार वडापाव मागवले. त्याआधीचे बारा दिवस ती प्रोटीन पावडर आणि पातळ सूप यांवर होती.

मुलुंडच्या त्या घरात मी तेव्हा होते, आणि मला तिचा राग आला होता. इतके दिवस पाळलं आणि एका फोनने सगळं सोडलं? तो राग चुकीचा होता. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या माणसाच्या मेंदूत आणि पोटात काय चाललेलं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे वाचावं लागलं, कारण तारखा जातच राहिल्या. पहिली साखरेने गेली, दुसरी विम्याने, तिसरी पावसाळ्यात डेंग्यूने.

तारीख पुढे ढकलण्यामागे बहुतेक वेळा चांगलं कारण असतं. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. झोपेत श्वास अडकत असेल तर आधी काही आठवडे मशीन लावून झोपायला सांगतात. केईएम, सायन, नायर अशा पालिकेच्या रुग्णालयांत अपघाताची किंवा आतडं फुटल्याची केस आली की ठरलेली ऑपरेशनं मागे पडतात, आणि ती पडायलाच हवीत. पण कारण पटलं म्हणून मन सावरतंच असं नाही.

वोल्फराम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. दिवा लागला की थोड्या वेळात माकडाला फळाच्या रसाचे थेंब मिळत. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळत. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या, रसाच्या वेळी शांत. मग एकदा दिवा लावला आणि रस दिलाच नाही. नेमक्या ज्या क्षणी रस यायला हवा होता, त्या क्षणी त्या पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. न मिळालेली गोष्ट मेंदू वजाबाकी म्हणून नोंदवतो, आणि तीही वेळ पाहून. माकडाच्या रसावरून माणसाच्या ऑपरेशनवर थेट उडी मारता येत नाही, हे मान्य. पण ज्या सोमवारकडे डोळे लावून ताईने बारा दिवस काढले, तो सोमवार रिकामा निघाल्यावर ती जशी बसली होती, ते मला या प्रयोगाशिवाय नीट समजलं नसतं.

दुसरी गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांची. १९३०च्या दशकात त्यांनी बोळातून पळणाऱ्या उंदरांचा वेग मोजला. खाऊ जसजसा जवळ येई तसतसे उंदीर वेगाने पळत. माणसाचंही असंच होतं. तारीख जवळ असली की आपण पथ्य काटेकोर पाळतो, आणि तीच तारीख सहा आठवडे लांब गेली की पाय जड होतात. म्हणजे जी तारीख आपल्याला ओढत होती, तीच आता ढकलून देते. सगळी उमेद एकाच खुंटीला टांगली की खुंटीबरोबर तीही खाली येते.

राहता राहिले वडापाव. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी पथ्यावर असलेल्या माणसांचा अभ्यास केला. अशा माणसांना आधी मिल्कशेक प्यायला लावला, तर नंतर ते आइस्क्रीम कमी खात नाहीत, उलट जास्त खातात. आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. एकादशीला चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेला की ‘मोडलाच आहे उपास, आता वाढ भातही’ असं आपण म्हणतोच. वाट बघणाऱ्यांच्या बाबतीत याला आणखी एक धार असते: ऑपरेशननंतर हे कधीच खाता येणार नाही, म्हणून ‘शेवटचं’ खाऊन घ्यायचं. तारीख तीनदा पुढे गेली तर ‘शेवटचं’ जेवणही तीनदा होतं.

आता पोटाकडे येऊ, कारण खरा अन्याय तिथे आहे. लठ्ठ माणसाने मनावर घेतलं तर वजन उतरेल, ही आपली ठाम समजूत. ऑस्ट्रेलियात प्रिया सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देऊन त्यांचं वजन उतरवलं. पोट भरल्याचे आणि चरबीच्या साठ्याचे निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं, म्हणजे लेप्टिन वगैरे, खाली गेली आणि भूक चेतवणारं घ्रेलिन वर गेलं. वर्षानंतर पुन्हा तपासलं, तरी ती मूळ जागी आलेली नव्हती. वजन काही प्रमाणात परत आलं होतं, भूक मात्र आधीपेक्षा जास्त होती. शरीर उतरलेल्या वजनाला तूट समजतं आणि ती भरून काढायला कंबर कसतं.

ऑपरेशनचा उपयोग इथेच होतो. घ्रेलिनचा शोध १९९९ मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटाने लावला. ते प्रामुख्याने जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्ह पद्धतीच्या ऑपरेशनात तोच भाग काढून टाकतात. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जातो, टपरीवरच्या चहाच्या ग्लासाएवढी पिशवी उरते. जागा कमी होते हे खरंच, पण त्यासोबत भुकेचे निरोपही बदलतात. म्हणून ‘शॉर्टकट मारतेयस’ असं ताईला सांगणाऱ्या नातेवाइकांनी हे ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे. लोकलमध्ये चौथ्या सीटवर तिला कुणी सरकून जागा देत नाही, तीही मागत नाही. पंचवीस वर्षं तिने सगळे लांबचे रस्ते चालून पाहिले आहेत.

मग वाट बघताना करायचं काय? वजन भराभरा उतरवणं हे ध्येयच नको, असं मी वाचून आणि तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं. आधी खूप वजन उतरवलं तरच ऑपरेशन यशस्वी होतं, असा भक्कम पुरावा नाही. वजन वाढू न देणं हेच पुष्कळ. शेवटच्या दोनेक आठवड्यांचा तो कडक आहार मात्र वेगळ्या कामासाठी असतो. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेलं यकृत जड आणि ठिसूळ असतं. उष्मांक आणि कर्बोदकं कमी केली की यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्ची पडतं, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं, चरबीही घटते आणि यकृत आकसतं. याचा अर्थ असा, की तारीख पुढे गेली तर हा आहारही पुढे ढकलायचा. तो महिनोन्महिने ओढायचा नसतो. पुढे एकदा ताई ते करायलाही निघाली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवरच थांबवलं, कारण ती साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेते आणि खाणं एवढं कमी ठेवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तारीख बदलल्याचं कळताच ‘आता आहार कोणता आणि गोळ्या किती’ हे दोन प्रश्न लगेच विचारावेत. वजन उतरवणारं इंजेक्शन चालू असेल तर तेही भूलतज्ज्ञांना सांगायचं. त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

मधल्या महिन्यांसाठी सर्वांत कामाचा अभ्यास मला लंडनच्या फिलिपा लॅली यांचा वाटतो. ९६ जणांनी एकेक छोटी सवय निवडली, जेवताना फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरतील असं दिसलं, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य मी ताईला दोनदा वाचून दाखवलं. एक दिवस मोडला म्हणजे उपास मोडला, हा हिशोब सवयींना लागू नाही. आणि ६६ दिवस म्हणजे दोनेक महिने, तारीख सहा-सहा आठवड्यांनी दोनदा पुढे जाते त्याहून कमीच.

ऑपरेशननंतर ज्या गोष्टी कराव्याच लागतात, त्याच ताईने आता घेतल्या. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, ताटात आधी प्रथिनं: मटकीची उसळ, अंडं, बोंबील, मग भाकरी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय, की नुसत्या ‘मी चालणार’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवलेलं जास्त तडीस जातं. ताईचं ठरलं: मुलुंडला उतरलं की रिक्षाच्या रांगेकडे न वळता चालत घर. गुडघे कुरकुरतात. पण गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या २००५च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. स्टेशनचा पूल चढताना हे आकडे खरे वाटतात.

हे सगळं ताई तारखेवार एका वहीत लिहिते. त्या वहीचाही उपयोग झाला, आणि तो अनपेक्षित जागी. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ४० किंवा जास्त, अथवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा ठरावीक आजार असेल, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असतील, तर या ऑपरेशनचा खर्च मिळतो. ताईचा बीएमआय ३६. कंपनीने फसलेल्या उपायांचे पुरावे मागितले, तेव्हा आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांसोबत तारखेवार भरलेली वहीच जोडली. खरं तर आपल्या लोकांसाठी हे आकडे चढेच आहेत. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्यांनी दोघांचा फोटोच २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करा असं म्हटलंय. विम्याचे नियम तिथवर यायला हवेत.

वहीत वजन ती आठवड्यातून एकदाच लिहिते. पाणी आणि मिठानेच काटा रोज किलोभर इकडेतिकडे होतो, त्यावर दिवस का ठरवायचा? बाकीच्या रकान्यांत कमरेचा घेर, पुलावर किती वेळा थांबली, आणि चेंडू. फुप्फुसांच्या व्यायामाचं ते तीन निळ्या चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं तिला पहिल्या तारखेआधीच दिलं होतं. ताई आठवडाभर त्यात फुंकत होती. फुंकायचं नसतं, नळी ओठांत घट्ट धरून श्वास आत ओढायचा. पोटाच्या चरबीने श्वासपटल वर रेटलेलं असतं, त्यात ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, आणि फुप्फुसांचे खालचे भाग मिटायला लागतात. म्हणून ही तयारी आधीपासून. पहिल्या कप्प्यावर ६०० लिहिलेलं आहे, दुसऱ्यावर ९००, तिसऱ्यावर १२००. हे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली जाते ते दाखवतात.

मे महिन्यात एकच चेंडू हलायचा. डेंग्यूनंतर तोही हलेना, तेव्हा तिने वही चार दिवस उघडली नाही. पाचव्या दिवशी उघडली. गेल्या रविवारी मी गेले, तर ती खिडकीशी ताठ बसून श्वास ओढत होती. पहिला वर, दुसरा वर, तिसरा थरथरत उठला आणि टिकला. तिने नळी खाली ठेवली, दम घेतला आणि वहीत लिहिलं: तिसरा, दोन सेकंद. तारखेचा रकाना अजून कोराच आहे.