आधी कळवणाऱ्यालाच फटका: न्यूमोनियाच्या साथींवर देशोदेशी नजर ठेवण्याची पार्श्वभूमी

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात बोटीवर नोकरीला असलेल्या माणसांची घरं गावोगाव आहेत. त्यामुळे दूरच्या एखाद्या बंदरात न्यूमोनियाची साथ उठली, तर इथल्या घरांनाही घोर लागतो. परदेशी बंदरात शिरताना कप्तानाला आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. प्रवासात कुणाला ताप आला का, कुणी दगावलं का, अशी साधीच माहिती त्यात असते. पण ती खरी लिहिली जावी यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खटपट चालू आहे आणि तिचा एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत घडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांना झालेला आजार प्लेग आहे, हे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. ते मूळचे गोव्याचे. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हीच साथ आली होती आणि तिथेच अलेक्झांडर येरसिन यांना तिचा जिवाणू सापडला होता. मुंबईतला प्लेग मुख्यतः गाठीचा, उंदरांवरच्या पिसवांमधून पसरणारा. हाच जिवाणू फुप्फुसात उतरला की त्याचा न्यूमोनिया होतो. मग उंदीरही लागत नाही, पिसूही लागत नाही. रुग्णाच्या खोकल्यातून तो थेट जवळच्या माणसाला होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यातून सहसा कुणी वाचत नाही.

लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्यांत राबणारे चाकरमानी आगबोटी धरून कोकणात परतू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णाला जबरदस्तीने इस्पितळात नेणं, सामान जाळणं असं सगळं सुरू झालं. साहजिकच लोक घरातला आजारी लपवू लागले. मला वाटतं, पुढच्या साऱ्या इतिहासाची मेख इथेच आहे. कळवलं की शिक्षा, हे एकदा मनात बसलं की साथ दिसेनाशी होते, आणि आत मात्र ती पसरतच राहते.

देशही तसेच वागत. मुंबईच्या धास्तीने १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्लेग आढळला तर इतर देशांना कळवायचं, असं तिथे ठरलं. पण कळवणाऱ्या बंदरातली जहाजं इतरत्र अडकून पडत, व्यापार बसे. म्हणून कळवायला टाळाटाळ होई.

फुप्फुसाच्या प्लेगचं उग्र रूप जगाने १९१०-११ च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमधल्या मांचुरियात पाहिलं. रेल्वेच्या वाटेने तो पसरला आणि सुमारे ६० हजार माणसं गेली. हा रोग श्वासातून पसरतो, हे डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखलं आणि कापसाचे थर घातलेला जाळीच्या कापडाचा मास्क वापरायला लावला. त्यांचं न ऐकणारे फ्रेंच डॉक्टर मेनी मास्कशिवाय रुग्ण तपासायला गेले आणि त्याच रोगाने वारले. एप्रिल १९११ मध्ये तिथल्याच मुकडेन शहरात अनेक देशांचे तज्ज्ञ या एकाच साथीवर चर्चा करायला जमले.

१९२५ मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, सिंगापूरला एक केंद्र उघडलं. आशियातल्या बंदरांकडून तारेने रोगांची खबर घ्यायची, ती एकत्र करायची आणि बिनतारी संदेशाने परत सगळीकडे पाठवायची, हे त्याचं काम. आज संगणकावर जे चालतं त्याचा सांगाडा तेव्हाच उभा राहिला होता. हे काम कुणाच्या फारसं लक्षात नाही, याचं मला वाईट वाटतं.

तरीही सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि जुनंच सगळं पुन्हा घडलं. लाखो लोक शहर सोडून गेले, अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली, माल नाकारला. प्रत्यक्षात देशाबाहेर एकही रुग्ण पोचला नव्हता. तोवर लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत फक्त ठरावीक रोग कळवायचे होते, आणि तेही सरकारने स्वतःहून सांगितलं तरच.

२००३ मध्ये सार्स या नव्या विषाणूच्या न्यूमोनियाची साथ आली, त्यानंतर हे नियम मुळापासून बदलले. २००५ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि जून २००७ पासून लागू झाले. आता जगाला धोका ठरू शकेल अशी घटना वाटली की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. फुप्फुसाच्या प्लेगचं नाव त्यात स्वतंत्र घातलेलं आहे. बिनसरकारी बातमीवरूनही संघटना सरकारला विचारू शकते, आणि गरजेपेक्षा जास्त निर्बंध घालणाऱ्या देशाला त्याचं कारण द्यावं लागतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याचा उपयोग दिसला. उत्तर चीनमध्ये मुलांना न्यूमोनिया होत असल्याची बातमी प्रोमेड या इशारा-यंत्रणेने दिली. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने चीनकडे माहिती मागितली. लगेच उत्तर आलं: मायकोप्लाझ्मा जिवाणू आणि सोबत नेहमीचे काही विषाणू आहेत, नवं काही नाही. आपल्या केंद्र सरकारने राज्यांना रुग्णालयांची तयारी तपासायला सांगितलं आणि कोकणातही पालक काळजीने विचारपूस करू लागले.

आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे. गावातली आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, आरोग्य केंद्रातला डॉक्टर निदानाचा अंदाज लिहितो आणि प्रयोगशाळा खात्री करते. न्यूमोनियात ही तिसरी पायरी सर्वात अवघड. थुंकीचा चांगला नमुना मिळायला हवा, तो वेळेत पोचायला हवा, आणि बरेचदा त्याआधीच प्रतिजैविक सुरू झालेलं असतं. पण जिवाणू कोणता हे कळल्याशिवाय औषधही नेमकं देता येत नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर मुळीच चालत नाहीत.