शिकार आणि शिकारविरोध (मराठवाडा)

शिकार करणारे आणि शिकारीला आडवे येणारे यांच्यातील मराठवाड्यातला संघर्ष. तो जंगलात क्वचितच घडतो. किनवटचा डोंगराळ भाग, गौताळा, येडशी रामलिंग घाट आणि बालाघाटच्या काही रांगा सोडल्या तर या प्रदेशात सलग जंगल फारसे नाही. काळवीट, चिंकारा, रोही (नीलगाय), रानडुक्कर, लांडगा, ससा आणि तितर ज्वारी-हरभऱ्याच्या रानात, गायरानात आणि पडीक माळावरच राहतात. त्यामुळे फासा लावणारा, त्या फाशाची खबर देणारा आणि ज्याचे पीक हरणांनी खाल्ले तो, हे तिघे पुष्कळदा एकाच शिवारातले असतात.

शिकाऱ्याला अडवण्याची गोष्ट या भूमीला नवी नाही. पैठण परिसरात दीर्घकाळ वावरलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत. त्यात कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात आणि शरण आलेल्याला मरण नसते, असे स्वामी त्यांना सांगतात. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथात हा प्रसंग यावा, याचे मोल मोठे आहे. महानुभाव, वारकरी आणि जैन परंपरांनी जीवहत्येविषयीची ही नापसंती गावोगाव रुजवली. माळ घातलेला शेतकरी पीक गेले तरी हरणाला हात लावत नाही, यामागे कायद्याच्या धाकापेक्षा ही शिकवण अधिक असते.

दुसरीकडे शिकार ही सत्तेची खूण होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. दख्खनच्या संस्थानांत उमराव पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत. चित्ते पकडण्याचे व शिकवण्याचे कसब चित्तापारध्यांकडे होते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले आणि ते कसबही संपले. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे नमुने बंदुकीनेच गोळा होत. आज त्यांच्याच नावाचे सरोवर छत्रपती संभाजीनगरात पक्ष्यांचा आसरा म्हणून जपले जाते.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने चित्र पालटले. कलम 9 नुसार अनुसूचीतील प्राण्यांची शिकार गुन्हा ठरते. कलम 11 मध्ये अपवाद आहेत आणि मराठवाड्यातील वादाचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच सापडते. काळवीट, चिंकारा आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा तो बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्यांच्याबाबत उभ्या पिकाच्या नुकसानीवरूनही परवानगी मिळू शकते. पण पेरणीनंतर कोवळे हरभरे खुडणारा कळप काळविटांचा असतो आणि एका रात्रीत भुईमूग उकरणारा रानडुकरांचा. शेतकऱ्याला नुकसान एकच दिसते. कायदा त्याला दोन वेगळी उत्तरे देतो.

नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण तिचा मार्ग अर्ज आणि पंचनाम्यातून जातो. तोवर शेतकरी शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) बसून जागल करतो, डबे वाजवतो, जुन्या साड्यांचे कुंपण घालतो, जमल्यास झटका मशीन बसवतो. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो; त्याने जनावर पळते, मरत नाही. मात्र थेट विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडला की डुकराबरोबर हरीण मरते आणि कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. ही शिकार म्हणायची की राखण, यावर गावात एकमत होत नाही. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात ठेवलेल्या गावठी बॉम्बने गाईचा जबडा फुटतो, तेव्हा मात्र सगळे गाव एका बाजूला येते.

पोटासाठी, हौसेसाठी आणि विक्रीसाठी होणारी शिकार वेगवेगळी मोजायला हवी. फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या फासे आणि वाघूर (जाळे) लावून तितर, लावे, ससे, हरणे धरत आला. ब्रिटिश मुलखात 1871 च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. हैदराबाद संस्थानानेही त्याच धर्तीवर कायदा केला. 1952 मध्ये हा शिक्का कागदावरून पुसला गेला. पुढे वीस वर्षांत वन्यजीव कायद्याने त्यांचा मूळ धंदाच गुन्हा ठरला. त्या बदल्यात जमीन फार थोड्यांना मिळाली. आजही माळावर हरणाचे कातडे सापडले की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो, आणि चारचाकीतून प्रखर दिव्याच्या झोतात छर्ऱ्याची बंदूक चालवणारे हौशी शिकारी सहज निसटतात. शिकारविरोधाने हा फरक पाळला नाही, तर तो एका समाजाच्या मागे लागल्यासारखा होतो.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात 2025 मध्ये हे सारे ताण एकत्र दिसले. शेतात हरणांसाठी जाळे लावू दिले नाही म्हणून एका शेतकऱ्याला व त्याच्या मुलाला मारहाण झाल्याचा आरोप झाला. आरोपी राजकीय वर्तुळात वावरणारा होता. वनविभागाने त्याच्या घराची झडती घेतली आणि पुढे वनजमिनीवरील ते घर पाडले. शिकार रोखणाऱ्यांना संरक्षण द्या, ही मागणी न्याय्य होती. घर पाडल्याने उघड्यावर आलेल्या कुटुंबाचा प्रश्नही तितकाच खरा होता. याच तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी हे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र आहे.

हिंस्र प्राण्यांबाबत सहानुभूतीचे पारडे उलटते. 2020 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातीलच आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. लोकांनी गोळी घालण्याची मागणी केली. 18 डिसेंबर रोजी शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याला ठार करण्यात आले. आष्टीत त्याच्यासाठी बोलणारे फार नव्हते. त्याआधी, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2 नोव्हेंबर 2018 रोजी नरभक्षक ठरवून मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीसाठी मात्र शहरांतून निदर्शने झाली होती. भीतीच्या छायेत राहणारा आणि दूरवरून हळहळणारा यांच्यातील ही दरी मराठवाड्यालाही ओळखीची आहे.

प्रत्यक्ष विरोध करणारे बहुधा सर्पमित्र, मानद वन्यजीव रक्षक, शिक्षक किंवा साधे शेतकरी असतात. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर खबर देता येते. पण खबर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचे असते; नाव फुटले तर बांधाची वाट अडते, पाण्याची पाळी चुकते. म्हणून पुष्कळ फासे गुपचूप उचकटून फेकले जातात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत संघर्ष पाणवठ्यावर येतो. ओढे आटतात, काळविटांचे कळप उरलेल्या डबक्यांकडे वळतात आणि शिकाऱ्याला वाट शोधावी लागत नाही. काही गावांत तरुण टँकरने सिमेंटचे हौद भरतात आणि संध्याकाळनंतर तिथे आळीपाळीने पहारा देतात. ते करणाऱ्यांत असे शेतकरीही असतात, ज्यांनी रब्बीत त्याच कळपामागे रात्र-रात्र डबे वाजवलेले असतात.