गिअरबॉक्समधला खो-खो

"गाडी नुसती रेस होते, पळत नाही." मित्राच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गाडीची ही तक्रार ऐकून गॅरेजवाल्याने निकाल देऊन टाकला, "गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल." मी एवढंच विचारलं, "कुठकुठल्या गिअरला घसरते?" मी गाडीची जन्मपत्रिका मागितल्यासारखे दोघं माझ्याकडे बघत राहिले.

आधी एक खुलासा. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओतून आलेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं आपल्याऐवजी यंत्र करतं, इतकंच. त्यातला हलका झटका हा बिघाड नव्हे, स्वभाव. मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोचवणाऱ्या, गिअरबॉक्सबद्दल. उदाहरण झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपीचं घेतो. तो २००९ साली बीएमडब्ल्यूत आला आणि माझा त्याच्यावर जीव आहे.

त्यात प्लॅनेटरी गिअरचे चार संच असतात. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. हे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच. गिअर बदलतो तो कुठलं चक्र धरून ठेवायचं आणि कुठली दोन एकमेकांना बांधायची यावरून. ते काम पाच जण करतात : ए आणि बी हे ब्रेक, सी, डी, ई हे क्लच. कुठल्याही गिअरला तिघं आवळलेले, दोघं सुटे. पाचांतून तीन निवडायचे मार्ग दहा. त्यातले आठ पुढच्या गिअरना लागले, एक रिव्हर्सला. एकच बाकी राहिला! अशी काटकसर आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातच पाहिली होती.

पुढचा गिअर पडताना एकच जण सुटतो, एकच आवळतो. चौथ्यात बी-डी-ई, पाचव्यात बी-सी-डी. म्हणजे ईने सीला खो दिला आणि स्वतः बसला. सी उठायला उशीर झाला तर क्षणभर कुणीच धावत नाही. इंजिनाचा आरपीएम उसळतो, गाडी मात्र तिथेच. ई वेळेत बसला नाही तर दोघंही मैदानात, गाडीला झटका. हा खो तेलाच्या दाबाने दिला जातो. या क्लच-ब्रेकच्या प्लेटी झिजत जातात तसा गाडीचा संगणक त्याची वेळ सुधारून घेतो. सुधारणा मर्यादेला टेकली की लक्षणं आपल्यापर्यंत पोचतात.

आता माझा प्रश्न. ई हा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या गिअरला लागतो. पहिला, पाचवा, सातवा आणि रिव्हर्स यांचा त्याच्याशी संबंध नाही. बी दुबळा असता तर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर आणि रिव्हर्स रडले असते, वरचे तीन ठणठणीत राहिले असते.

हे अंदाजाने नव्हे, मोजून कळतं. गिअरबॉक्सच्या आत जाणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग दोन सेन्सर सांगतात. चौथ्याचं गुणोत्तर १.६६७. आत २००० फेरे, बाहेर १२०० : बरोबर. आत २३०० आणि बाहेर तेवढेच १२०० असतील तर गुणोत्तर १.९१७ येतं, आणि असा गिअर या डब्यात नाहीच. म्हणजे कुणीतरी घसरतंय. गाडी चालवत स्कॅनरवर हे आकडे प्रत्येक गिअरला टिपायचे. नुसता 'पी०७३०' (गिअरचं गुणोत्तर चुकतंय) हा कोड वाचून थांबणं म्हणजे ताप आहे एवढंच सांगून डॉक्टरने फी घेणं.

आम्ही टिपले. घसरणारे गिअर : दुसरा, तिसरा, चौथा, सहावा, आठवा. ई सापडला.

पण त्याच्या प्लेटी जळल्यात की त्याला तेलाचा दाबच पुरेसा मिळत नाही? जळलेल्या प्लेटींची पूड तेलात उतरते, तेल काळवंडतं, जळकट वास मारतं. त्यावर 'घसरणं बंद' असं लिहिलेली बाटली ओतणं आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणं यांत मला तरी फरक दिसत नाही. 'आयुष्यभराचं ऑइल' हीही तशीच श्रद्धा. खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते.

मित्राच्या गाडीच्या गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उतरवला. त्यातल्या चुंबकावर नेहमीचा राखाडी लेप, वास साधा, पूड नाही. म्हणजे प्लेटी शाबूत, खोट दाबात. तेलाचा दाब सोडणाऱ्या विजेवरच्या झडपांचा, म्हणजे सोलेनॉइडचा, संच बदलला, ऑइल नवं भरलं, संगणकाच्या जुन्या सुधारणा पुसल्या. गिअरबॉक्स गाडीतून खाली उतरवावाच लागला नाही.