गिटार सोलो (हेवी मेटल)

हेवी मेटल गाण्यात गायन थांबल्यावर लीड गिटारवर वाजणारा स्वतंत्र सुरावटीचा भाग. बहुधा तो दुसऱ्या ध्रुवपदानंतर येतो आणि त्याच्याखाली रिदम गिटारचा रिफ (पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट) चालू राहतो. कोणता बँड कोणत्या उपप्रकारात मोडतो, या रसिकांच्या न संपणाऱ्या वादात सोलोचा दाखला हमखास दिला जातो. ‘सोलो नाही तर मेटल कसले?’ हा त्यातला लाडका सवाल. तपासून पाहिला तर मात्र तो टिकत नाही.

मेटलचा पाया रिफ हाच आहे. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० साली आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारी बोटे नेमकी तीच. त्याने हलक्या तारा लावल्या, पुढे गिटारचा सूरही खाली उतरवला. तो जड, काळोखी आवाज रिफमध्ये जन्मला. त्याचे सोलो ब्लूजच्या पाच स्वरांच्या वळणाचेच राहिले.

सोलोला मानाचे स्थान मिळाले ते नंतर. जुडास प्रीस्टमध्ये दोन गिटारवादक आळीपाळीने सोलो वाजवत, तर आयर्न मेडनमध्ये दोन गिटार एकच सुरावट तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने वाजवत. गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या ‘इरप्शन’ या सोलोने (१९७८) दोन्ही हातांचे टॅपिंग (तारा बोटांनी गिटारच्या पट्टीवर आपटून वाजवणे) घराघरांत पोहोचवले, हे तंत्र त्याच्या आधीही होते, पण त्यानंतर ते प्रत्येक नवशिक्याला यावेसे वाटू लागले. १९८४ मध्ये गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनने बाख आणि पागानिनी यांच्या धाटणीची वेगवान हार्मोनिक मायनर (आपल्या कानाला किरवाणीची स्वरमाला) रूढ केली. पॉवर मेटल या वेगवान, सुरेल उपप्रकाराचे सोलो आजही त्याच वाटेने जातात.

थ्रॅश या वेगवान, आक्रमक उपप्रकारात सोलोवरून उपप्रकार ओळखायला गेले तर फसगत होते. मेटॅलिकाचा कर्क हॅमेट वाह पेडलवर (पायाने दाबून आवाजाला ‘वा-वा’ असा हेलकावा देणारे उपकरण) गुणगुणता येईल अशी रचना करतो. स्लेयरचे केरी किंग आणि जेफ हॅनेमन मात्र व्हॅमी बार (तारांचा ताण बदलणारा दांडा) ओढून सूर जवळजवळ किंचाळवत. दोन्ही थ्रॅशच.

नू मेटल या नव्वदच्या दशकातल्या उपप्रकाराने सात तारांची गिटार घेतली आणि सोलो बहुतेक टाकून दिला. म्हणून ते मेटल नव्हे, असे म्हणणाऱ्यांना नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचे काय करायचे हे सांगता येत नाही. तिथेही ट्रेमोलो पिकिंगच्या (एकच स्वर अतिवेगाने छेडत राहण्याच्या) सलग पडद्यात सोलोला फारशी जागा नसते, तरी त्याच्या मेटलपणावर कोणी शंका घेत नाही. नेपाम डेथ या बँडच्या सुमारे एका सेकंदाच्या गाण्यात सोलो शोधणे तर व्यर्थच!

वाद बँडच्या आतही होतो. मेटॅलिकाने ‘सेंट अँगर’ या अल्बममध्ये (२००३) एकही सोलो ठेवला नाही. त्या ध्वनिमुद्रणावरच्या माहितीपटात हॅमेट हरकत घेताना दिसतो: सोलो वगळणे हीच सध्याची फॅशन, त्यामुळे गाण्यांवर या काळाचा शिक्का बसेल. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये (२००८) सोलो परतले.

सोलो उपप्रकाराची सीमा ठरवत नसला तरी घराणे सांगतो. स्वीडनच्या अ‍ॅट द गेट्सच्या १९९५ मधील ‘कोल्ड’ या डेथ मेटल गाण्यात गायक किंग डायमंडच्या बँडमधला गिटारवादक अँडी लारोक पाहुणा म्हणून येतो, आणि कर्कश गायनाच्या मधोमध ऐंशीच्या दशकातले सुरेल हेवी मेटल ऐकू येते.