जाम झालेला ब्रेक ड्रम (जुन्या गाड्यांचा)

जुनी गाडी दोनचार पावसाळे एका जागी उभी राहिली की मागचं एखादं चाक हलायचंच नाव घेत नाही, किंवा चाक निघतं पण आतला बिडाचा ड्रम बाहेर यायला तयार नसतो, यालाच गॅरेजात ड्रम जाम झाला म्हणतात. ड्रम चाकाबरोबर फिरतो, आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू असतात, पेडल दाबलं की व्हील सिलेंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, ड्रमला घासून गाडी थांबते. असा ब्रेक लुई रेनॉने 1902 मध्ये आणला असं मानतात, तेव्हा तो तारा आणि दांड्यांवर चालायचा. ऑइलवर चालणारे चारही चाकांचे ब्रेक 1921 च्या ड्युझेनबर्गमध्ये आले. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या महिंद्रा जीपला चारही चाकांना ड्रमच, त्यामुळे हे दुखणं इथे घरोघरी. (व्हिंटेज हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो. सरकारी हिशोबाने, 2021 च्या नियमाप्रमाणे, गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी हवी, मग तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. ड्रमला गंज चढायला मात्र 50 वर्षं लागत नाहीत, कोकणातला एक पावसाळा पुरतो.)

हातोडा उचलायच्या आधी ड्रम नक्की कुठे धरलाय ते शोधायचं, कारण धरायच्या जागा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर शू आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात, किंवा हँडब्रेकची केबलच आत गंजून अडकते आणि लिव्हर खाली केला तरी शू मागे येत नाहीत. व्हील सिलेंडरचा पिस्टन बाहेरच अडकून राहू शकतो. रबरी होजपाइप आतून फुगला असेल तर ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, हे ओळखायला सोपं, ब्लीड निपल (व्हील सिलेंडरमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा, ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं तर ड्रमचा काही दोष नाही, होज बदला. आणखी एक म्हणजे ड्रमच्या आतल्या कडेला पडलेला काठ. वर्षानुवर्षं शू घासून ड्रम आतून झिजतो, पण अगदी कडेला शू पोचत नाही तिथे ओठासारखी कड उरते. अशा वेळी ड्रम फिरतो मस्त, ओढला की मात्र शू त्या ओठात अडकतात. चाक फिरतंय पण ड्रम निघत नाही असं असेल तर पहिला संशय यावरच घ्यायचा. शेवटची जागा मधली, म्हणजे ड्रमचं भोक हबवर जिथे घट्ट बसतं तिथला गंज.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, खाली घोडी (जॅकस्टँड) लावायची आणि बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे, कारण आता हँडब्रेक सोडायचा असतो. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, हे माहीत नसलेले लोक जोर लावून लावून स्टडच (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तोडतात. मग अॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा भाग, पूर्ण सैल करायचा. तो प्रत्येक गाडीत वेगळा, कुठे बॅकप्लेटच्या (शू ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्याच्या) मागे चौकोनी डोक्याचा बोल्ट, कुठे भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून दात दात फिरवायचं चाक. शू मागे आले की काठाची भानगड बहुतेक तिथेच मिटते. ड्रम धरून ठेवणारे छोटे स्क्रू असतील तर ते गंजाखाली दिसतही नाहीत, वायर ब्रश मारून शोधायचे. अशा स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हरच (हातोडीचा ठोका मारला की फिरणारा स्क्रूड्रायव्हर) लागतो, साध्याने डोकं झिजतं आणि काम दुप्पट होतं.

मग गंज सोडवणारं ऑइल मधल्या भोकाभोवती आणि स्टडभोवती टाकून रात्रभर ठेवायचं, फक्त लायनिंगकडे जाऊ द्यायचं नाही. सगळे डब्ल्यूडी-40 मारतात, पण ते 1953 मध्ये मुळात धातूवरचं पाणी हटवायला केलेलं, जुन्या गंजात मुरणारं ऑइल वेगळं घ्यावं हे बरं. सकाळी लाकडाचा ठोकळा धरून ड्रमच्या सपाट तोंडावर, स्टडच्या मधल्या जागी, गोल फिरत ठोकायचं. कडेवर घाव घालायचा नाही, बीड वाकत नाही, तडकतं. पुलरचे (भाग ओढून काढायच्या अवजाराचे) पंजे कडेला अडकवून ओढणं हाही तोच गुन्हा. काही ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो, ही सोय गंजाने बुजलेली असते म्हणून कित्येकांना माहीतच नसते.

उष्णतेचाही उपयोग होतो. 230 मिमीचा बिडाचा ड्रम 100 अंशांनी तापला तर साधारण पाव मिमी फुगतो, गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. पण आत रबर आणि ब्रेक ऑइल आहे, म्हणून मधल्या भागालाच ऊब द्यायची, लाल करायचा नाही. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या ड्रमवर गॅसची टॉर्च अजिबात नाही, क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी फॉस्जीन वायू होतो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रम निघाल्यावर कॉम्प्रेसरने फुंकर मारायची आपली सवयही सोडावी, ओल्या फडक्याने पुसावं.

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या, त्या घराण्यातल्या सीजे-3बी चा मागचा ड्रम म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे हब निमुळत्या शाफ्टवर चावी (दोघांच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) घालून बसवलेलं असतं आणि वर खाचांचा मोठा नट. इथे अॅडजस्टर सैल करून, ऑइल टाकून, ठोकून काही होत नाही, चाकाच्या स्टडवर बसणारा जड पुलरच लागतो. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा. पुलर ताणून त्याच्या बोल्टवर एक ठोका, मग थोडं आणखी ताणायचं, आणि नाहीच हललं तर तसंच ताणून रात्रभर सोडून द्यायचं. सुटतं तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि नट नसेल तर अख्खा ड्रम समोरच्याच्या नडगीवर येतो. शाफ्टच्या टोकावर थेट घण घालणारेही असतात, त्यात आटे चपटे होतात आणि आतल्या बेरिंगला मार बसतो. परत बसवताना निमुळता भाग कोरडा स्वच्छ ठेवून नट किमान 150 फूट-पाउंड आवळायचा, सैल राहिला तर चावी कापली जाते.

इतकं करूनही ड्रम हलला नाही तर बॅकप्लेटच्या मागून शू धरणाऱ्या पिना छन्नीने कापायच्या आणि ड्रम शूसकट ओढून काढायचा. पिना, स्प्रिंगा स्वस्त मिळतात, जुन्या मॉडेलचा ड्रम शोधायला मात्र भंगारबाजार पालथा घालावा लागतो. काढलेला ड्रम लेथवर साफ करून घेता येतो, पण किती कातायचा याला मर्यादा असते, 9 इंची ड्रम 60 थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पलीकडे नेला तर पातळ होऊन तापतो आणि शू नीट टेकत नाहीत. गाडी परत उभी करून ठेवायची असेल तर गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक खालीच राहू द्या.