पोचा की टवका? जुन्या एअर रायफलच्या दस्त्यावरचे खळगे

जुन्या एअर रायफलच्या दस्त्यावर वरून सारखेच दिसणारे खळगे असतात, पण ते दोन जातींचे असतात. पोचा पडतो तेव्हा लाकूड जागेवरच असतं, नुसतं दबलेलं. टवका उडतो तेव्हा तेवढं लाकूड दस्त्यावर उरलेलंच नसतं. पोच्याला वाफ द्यायची, टवका भरायचा. पोच्यात लांबी (पुट्टी) भरली किंवा टवक्यावर वाफ मारत बसलं, तर वेळ जातो आणि कधी कधी दस्ताही जातो.

ओळखायचं कसं? खोलीतला दिवा मालवून टॉर्च दस्त्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. पोच्याच्या कडा उतरत्या आणि गुळगुळीत दिसतात. लाकडाच्या रेषा खळग्यात उतरतात, तळातून जातात आणि पलीकडे सलग वर येतात. टवक्याच्या काठाशी रेषा तुटलेल्या असतात, तळ खरबरीत असतो आणि नख फिरवलं की ते कडेला अडकतं. वरच्या लॅकरला तडे गेलेत म्हणून लाकूडही तुटलंय असं मात्र समजू नका. लॅकर ठिसूळ असतं, ते साध्या पोच्यावरही तडकतं. तरीही शंका उरली तर जुनं पॉलिश काढून झाल्यावर खळग्यात पाण्याचे दोन थेंब सोडा आणि काही तासांनी पुन्हा बघा. पोचा थोडा तरी उथळ झालेला असतो, टवका होता तसाच राहतो.

पाण्याने हे का होतं? लाकूड म्हणजे बारीक पोकळ पेशींची जुडी. मार बसला की त्या पेशी चपट्या होतात, पण बऱ्याचदा फाटत नाहीत. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की पेशींना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं, भिंती फुगतात आणि पेशी जवळपास मूळ आकाराला येतात. टवक्यात फुगायला काही शिल्लकच नसतं.

वाफेचं काम सोपं आहे, पण त्याआधीची तयारी टाळता येत नाही. रायफल रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करा, मग स्क्रू काढून नळी आणि यंत्रणा दस्त्यापासून वेगळी करा. वाफ लागलेलं लोखंड गंजायला वेळ लागत नाही. जुनं पॉलिश पूर्ण उतरवा, कारण लॅकरमधून पाणी आत शिरत नाही. मग सुती फडक्याची ओली घडी पोच्यावर ठेवून तिच्यावर इस्त्रीचं टोक किंवा तापलेलं सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवा. चर्र आवाज थांबायच्या आत उचला, फडकं पुन्हा भिजवा. कोरड्या फडक्यातून लाकूड करपतं आणि तो डाग पोच्यापेक्षा वाईट दिसतो. दस्ता अक्रोडाचा असेल तर उघडं लोखंड ओल्या लाकडाला लागू देऊ नका. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन काळे डाग उठतात. चार-पाच वेळा वाफ देऊनही फरक दिसेनासा झाला की थांबा. लाकूड एक-दोन दिवस सुकू द्या, मगच काचकागद हातात घ्या.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासून पोचा सपाट केला, तर भोवतालचं लाकूड पोच्याच्या तळापर्यंत खाली येतं, पण दबलेल्या पेशी दबलेल्याच राहतात. पुढे कधी ओल लागली की त्या फुगतात आणि खळग्याच्या जागी उंचवटा येतो. पोच्यात लांबी भरली तरी तेच, खालचं लाकूड हलतं आणि भरणी सुटते. शिवाय फार घासलं की दस्त्याच्या कडा बोथट होतात आणि ट्रिगर गार्डपाशी धातू लाकडापेक्षा वर आलेला दिसतो. घासून बिघडवलेले दस्ते ओळखायची हीच खूण.

टवक्याची अडचण खोलीपेक्षा रंगाची. बऱ्याच जुन्या एअर रायफलींचे दस्ते बीच या झाडाच्या लाकडाचे आणि त्यावर अक्रोडी रंग चढवलेला. पॉलिश उतरवलं की खालून फिकट लाकूड निघतं. भुसा आणि गोंद कालवून टवका भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही. गोंद रंग पीत नाही, तेलही पीत नाही, त्यामुळे ठिगळ उठून दिसतं. रंगाची पूड आधीच मिसळलेलं इपॉक्सी बरं. मात्र रंग कोरड्या लाकडाशी जुळवू नका. तिथे पाण्याचा हात फिरवा. ओलं लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते पॉलिशनंतर दिसणार असतं. मोठ्या टवक्याला त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा जुळवलेला तुकडा बसवणं उत्तम, पण त्याला पटाशीवर हात बसलेला हवा. यंत्रणेजवळचं लाकूड अनेकदा तेल पिऊन काळं पडलेलं असतं; ते ॲसिटोनने पुसल्याशिवाय तिथे काहीच चिकटत नाही. उथळ टवके मी तसेच ठेवीन.

कोपऱ्यावर आपटलेल्या जागी दोन्ही प्रकार एकत्र भेटतात: कडेला रेषा तुटलेल्या आणि मध्ये लाकूड दबलेलं. तिथे आधी वाफ, आणि सुकल्यावर जेवढं खोल उरेल तेवढंच भरायचं.

पकडीवरच्या चौकटीच्या नक्षीपाशी मात्र सावध राहा. काही दस्त्यांवर ती पटाशीने कोरलेली नसते, कारखान्यात तापलेल्या साच्याने दाबून उठवलेली असते. म्हणजे ते मुद्दाम पाडलेले पोचेच. शेजारच्या खळग्याला वाफ देताना ती तिथवर पोचली, तर नक्षीही फुगून पुसट होईल. अशा जागी इस्त्री नको, सोल्डरिंग आयर्नचं बारीक टोक आणि नखाएवढी फडक्याची घडी वापरा.