आजाऱ्याचं करणाऱ्याचं शरीर

‘आजाऱ्याचं करणाऱ्याला देवच बळ देतो, त्याला काही होत नाही.’ परळला रुग्णालयांच्या बाकांवर हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय आणि दरवेळी अस्वस्थ झालोय. कारण करणाऱ्याला होतं, आणि ते मोजलंही गेलंय.

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी घरातल्या डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका निवडल्या. आणि साधारण त्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या, पण हा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर ३.५ मिलिमीटरची सारखीच जखम केली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून फेस आला नाही की जखम भरली, असं धरलं. भार नसलेल्यांना सरासरी ३९.३ दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना ४८.७.

हे कसं घडतं? ताण जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला कळवतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. कॉर्टिसॉल वाईट नव्हे. ते दाह, म्हणजे जखमेला किंवा संसर्गाला शरीर देतं तो सूज-लालीचा प्रतिसाद, आवरतं, आणि पुरेसं झालं की हायपोथॅलॅमसलाच थांबवतं. पण रात्री उठून सासऱ्यांना कुशीवर वळवायचं, चादर ओली असेल तर बदलायची आणि सकाळी विरारहून लोकल पकडायची, हे वर्षानुवर्षं चाललं की ही साखळी नीट थांबत नाही. ताजी जखम भरायची तर तिथल्या पेशींनी इंटरल्यूकिन-१ सारखी सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं, सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलवावं लागतं. कॉर्टिसॉल नेमकं तेच दाबतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. पांढऱ्या पेशींत कॉर्टिसॉल ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. दीर्घकाळ मारा झाला की ते दाद देईनासे होतात. कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईवडिलांच्या पेशींवर डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच काम करणारं कृत्रिम औषध, घातलं तरी इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं सायटोकाइन इतरांइतकं दबलं नाही, असं २००२ साली दिसलं. म्हणजे एकाच शरीरात जखमेपाशी हवा असलेला दाह अपुरा, आणि रक्तात नको असलेला दाह मोकाट.

यावर प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे विकणाऱ्यांचं फावतं, कुणी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढतं. त्यातून शुश्रूषा करणाऱ्या बाईला तासभरही झोप मिळत नाही.

शुश्रूषा म्हणजे ऱ्हासच, असंही नाही. १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांना चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. काळजी घेऊनही ताण न जाणवणाऱ्यांचा धोका मात्र तसा वाढलेला दिसला नाही. या फरकात आपल्याला हात घालता येतो. नात्यात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर भेटायला जाताना शहाळी नेली नाहीत तरी चालेल. दुपारभर तिथे थांबा, औषधांच्या वेळा लिहून घ्या, आणि घरातल्या बाईला शेजारच्या खोलीत दार लावून झोपू द्या.